पदरमोड

इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला एखादे चिमुकले अव्यय जोडले की त्या क्रियापदाचा सारा स्वभावच पालटतो, हे आता आमच्या वर्गात सर्वांना ठाऊक झाले आहे. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'लुक' म्हणजे पाहणे, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. परीक्षेच्या आदल्या रात्री अशा चाळीस-पन्नास जोड्या पाठ करायच्या आणि पेपर देऊन बाहेर आले की विसरून जायच्या, असा आपला सर्वांचा शिरस्ता! पण यंदा त्या यादीतला एक शब्दप्रयोग काही केल्या माझी पाठ सोडीना. तो म्हणजे 'फॉल बॅक ऑन'.

'फॉल' म्हणजे पडणे, 'बॅक' म्हणजे मागे, 'ऑन' म्हणजे वर. तिन्ही शब्द शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. एकत्र आले की मात्र अर्थ होतो, हातातला उपाय फसल्यावर मागे राखून ठेवलेल्या गोष्टीचा आधार घेणे. नुसते 'फॉल बॅक' म्हटले तर ती माघार झाली, सैन्य मागे हटते तशी. 'फॉल बिहाइंड' म्हटले तर मागे पडणे, मग ते अभ्यासात असो की कर्जाच्या हप्त्यात. 'डिपेंड ऑन'चा अर्थही जवळचा, पण वेगळा. वेल मांडवावर रोजच विसंबून असते, तिला 'डिपेंड ऑन' शोभते. 'फॉल बॅक ऑन' हे अडचणीच्या दिवसाचे क्रियापद आहे. पाऊस गेला की कणगीतल्या धान्यावर, नोकरी गेली की शिलकीतल्या पैशावर माणसाची भिस्त येते, त्या वेळी ते वापरायचे.

सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले होते. "ही हॅड नथिंग टु फॉल बॅक ऑन." त्याच्यापाशी मागे वळून आधार घ्यावा असे काहीच नव्हते. एरवी या 'ऑन'च्या पुढे आधाराचे नाव येते. या वाक्यात ते आधीच येऊन गेले आहे, आणि ते नाव आहे 'नथिंग'! वाक्य 'ऑन'पाशी संपते आणि पुढची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेकडे मी बराच वेळ पाहत होते.

मराठीत याला काय म्हणावे? शब्द शोधू लागले तेव्हा गंमत वाटली. पाठबळ, पाठराखण, पाठीशी उभे राहणे! ज्याला कुणीच नाही त्याच्याविषयी आपण म्हणतो, 'त्याच्या मागेपुढे कुणी नाही.' म्हणजे आधार पाठीमागे असतो ही कल्पना आपल्याकडेही आहेच. इंग्रजीत मात्र पाठीमागे बहुधा एखादी वस्तू असते. पैसा, जमीन, पदवी, पहिले शिकलेले काम. आपल्या शब्दांत पाठीमागे माणूस उभा असतो. आता वस्तूवर पडले तर वस्तू काही बोलत नाही. पण माणसाच्या अंगावर पडले तर?

या प्रश्नाने मला घरी नेले. आमचे गाव माण तालुक्यातले. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत थकून जातो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा आमच्या घराचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तो आजीच्या तोंडी आहे. दिवाळीच्या सुटीत मी तिला विचारून विचारून भंडावून सोडले, की आपल्या घरात कुणावर कधी वेळ आली आणि तेव्हा ते कशाच्या आधाराला गेले?

आजीने १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात केली. तेव्हा ती नवी सून होती. घरची आठ एकर जमीन, सगळी जिरायत. त्या वर्षी तिने दाणाही दिला नाही. ज्या जमिनीचा आधार घ्यायचा तिनेच पाठ फिरवली, तेव्हा घरातली झाडून सारी माणसे खडी फोडायला गेली. आजी सांगते, "हातोडा कसा धरायचा ते बी ठावं न्हवतं पोरी. पैल्या दिशी खडी कमी अन् बोटंच जास्त फुटली." परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि पोरांना वाटली जाणारी सुकडी यांच्यावर ते वर्ष गेले. त्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांची ती कल्पना. कायदा १९७७ साली संमत झाला आणि १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हे त्याचे सूत्र. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी तसा कायदा केला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे सारे तीन ओळींत आटोपले आहे. मला मात्र त्या तीन ओळींत आजीची बोटे दिसतात. ज्यांच्या 'ऑन'पुढे 'नथिंग' होते त्यांच्यासाठी सरकारने तिथे एक शब्द लिहिला, असे मी त्या कायद्याचे भाषांतर करते.

दुष्काळ सरला आणि आजोबा मुंबईला गेले. लालबागच्या एका गिरणीत आधी बदली म्हणून, मग कायम, साचाखात्यात. जमीन त्यांचे धाकटे भाऊ कसत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप वर्ष उलटले तरी मिटेना. मुंबईत खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे कुठून आणायचे? कोकणातले कामगार कोकणात गेले, घाटावरचे घाटावर आले. आजोबाही एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन गावी परतले. संप इतका लांबला, त्याला गिरणी कामगारांच्या गावाकडच्या जमिनीचाही आधार होता. इंग्रजीच्या पुस्तकातले नेमके उदाहरण!

पण पुस्तकातले उदाहरण इथेच थांबते, आजीची गोष्ट पुढे जाते. आजोबा आले म्हणून जमीन काही वाढली नाही. जिथे एका चुलीचे भागत होते तिथे दोन चुली झाल्या. वर्षभरात वाटणी झाली. आठाचे चार एकर झाले. बांध मधोमध पडला आणि दोन्ही भावांचे बोलणे दोन वर्षे बंद होते. आजोबांना पुन्हा गिरणीत काम मिळालेच नाही. जमिनीने त्यांना झेलले खरे, पण झेलताना तिचे दोन तुकडे झाले.

त्यानंतरची पाळी माझ्या वडिलांची. चाराचे दोन एकर झाले होते, कारण वाटेकरी चुलतेही होते. अण्णा पुण्यात एका उपाहारगृहात चौदा वर्षे कामाला होते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्या उपाहारगृहाला कुलूप लागले. थोडे चालत, थोडे भाजीच्या टेम्पोतून असे तिसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले. मी तेव्हा आठवीत होते. त्या वर्षी असे कितीजण परतले याचा माग आकड्यांतही लागतो. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या एकूण काम करणाऱ्यांपैकी शेतीत असलेल्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झाले. टाळेबंदीचे पहिले तीन महिने याच दुसऱ्या वर्षात येतात. एका देशाला आपल्या मातीचा आधार घ्यावा लागल्याचा हा आकडा. त्यातला एक ठिपका आमचे अण्णा.

हा आकडा वर्गात ऐकला तेव्हा मनात आले, की परतणाऱ्यांची मोजदाद झाली. पण जी जमीन त्यांनी येऊन गाठली ती इतकी वर्षे कुणी जागती ठेवली होती? आजोबा साच्यावर होते तेव्हा दिराबरोबर आजीच खुरपत होती. अण्णा पुण्याला होते ती चौदा वर्षे त्या दोन एकरांत बाजरी आणि मटकी पेरली ती आईने. बांध फुटला तर दगड रचले तिने, सोसायटीचे कर्ज फेडले तिने. एखादी जागा मागे वळण्याजोगी राहायची असेल, तर तिथे कुणीतरी न हलता उभे राहावे लागते. आमच्या घरात ते काम बायकांनी केले. त्यांना कुठे मागे वळायचे होते? त्या मागेच तर होत्या!

लोक म्हणतील, बाईला माहेर असते की! असते खरे. माझी आत्या एकदा तशी आली होती, सासरी काही बिनसले म्हणून. चार दिवस तिचे लाड झाले. पाचव्या दिवशी शेजारणी विचारू लागल्या, "कधी जाणार?" सहाव्या दिवशी ती गेली. पुढे जमिनीच्या वाटणीच्या वेळी तिने हक्कसोड लिहून दिली. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे, असा बदल महाराष्ट्राने १९९४ साली केला आणि केंद्राने २००५ साली. आत्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. "सही केली न्हाई तर भावाचं दार बंद हुईल," एवढेच ती म्हणाली. म्हणजे माहेर हवे म्हणून तिने माहेरातला वाटा सोडला. आधाराची किंमत आधारच देऊन चुकवायची, हे गणित मला अजून उलगडलेले नाही.

या शब्दप्रयोगाला मराठी पर्याय शोधता शोधता मला शेवटी जो शब्द सापडला तो पाठीचा नाही, मोडण्याचा आहे. आपण काय म्हणतो? 'पाटल्या मोडल्या.' 'बँकेतली ठेव मोडली.' आणि खिशातले, म्हणजे मूळचे पदराच्या गाठीतले पैसे खर्च केले की 'पदरमोड केली.' इंग्रजी शब्दप्रयोगाचे सारे लक्ष पडणाऱ्या माणसाकडे आहे. तो सावरला की वाक्य पुरे झाले. मराठी माणूस मात्र त्याच्या वजनाखाली काय मोडले ते सांगतो. राखून ठेवलेली गोष्ट वापरली की ती पूर्वीसारखी अखंड राहत नाही, ही समज आपल्या भाषेत एवढ्याशा क्रियापदात साठवलेली आहे. ती घरच्या पेटीतूनच आली असणार.

मी या कॉलेजात आले ती अशीच एक वस्तू मोडून. वसतिगृहाची अनामत, खानावळीचे दोन महिने आणि पुस्तके यांसाठी आईने आपली बोरमाळ मोडली. सोनाराने मण्यांतली लाख काढून टाकली आणि सोने तराजूत टाकले. गळ्यात केवढे टपोरे दिसणारे मणी, पण तराजूत किती थोडे भरले! आई काही बोलली नाही. येताना एस. टी. त तिने पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, तेव्हा तिथल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ही हकीकत आम्ही शाळेपासून ऐकत आलो. भाषणात ती आली की टाळ्या पडतात. आता ती ऐकली की मला टाळी वाजवावीशी वाटत नाही. मोकळा गळा डोळ्यांपुढे येतो. शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या पाठीमागे अनेकदा असा एखादा मोकळा गळा असतो. माझ्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींनी घरी जाऊन विचारावे. कुणाकडे गाय निघेल, कुणाकडे बैलजोडी, कुणाकडे थोरल्या बहिणीची शाळा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. दिवाळीत मला एक स्थळ आले. मुलगा साताऱ्यात नोकरीला आहे, माणसे चांगली आहेत. त्यांचे म्हणणे, लग्न यंदाच व्हावे, पदवी काय घरी बसून बाहेरूनही पुरी करता येते. आमचे एक नातेवाईक आईला समजावीत होते, "शिकल्याली हाय हे बरंच झालं. उद्या काय बरं-वाईट झालं तर वेळेला उपेगी पडंल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी चपापले. हा तर 'फॉल बॅक ऑन'चाच मराठी अनुवाद! म्हणजे नवरा वाईट निघाला, दारू प्यायला लागला, अकाली गेला, की मग माझ्या पदवीची पाळी येणार. सारे सुरळीत चालले तर ती पेटीच्या तळाशी रेशमी कापडात राहणार. बोरमाळ मोडून जी मिळवायची, ती पुन्हा बोरमाळीसारखीच ठेवायची, आणि मोडण्याच्या दिवसाची वाट पाहायची?

ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांना कदाचित ती राखीव चैन परवडत असेल. माझ्या घरात मागे राखण्याजोगे आता फारसे उरलेले नाही. आठाचे चार आणि चाराचे दोन झाले. माझा पाठचा भाऊ दहावीत आहे. उद्या त्याच्यावर वेळ आली तर त्या दोन एकरांवर तो कसा उभा राहील? म्हणून मला माझी पदवी पाटलीसारखी नको, खुरप्यासारखी हवी. रोज हातात घ्यायची, रोज धार लावायची. तिसरे वर्ष याच वर्गात बसून पुरे करायचे, मग बी. एड. करून शिक्षिका व्हायचे, असे मी घरी सांगितले. नोकऱ्या कुठे आहेत, हा प्रश्न अण्णांनी विचारला नाही, पण तो मलाही पडतो. त्याचे उत्तर माझ्यापाशी आज नाही. तरी रिकाम्या हाताने वाट पाहण्यापेक्षा खुरपे हातात घेऊन पाहावी, एवढेच मला कळते.

अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी रात्री गोठ्यापाशी बसले असता म्हणाले, "माझ्या बापाला मागं वळाय जमीन व्हती. मला व्हती. तुला मी काय ठिवलं गं?"

मी म्हटले, "अण्णा, तुम्ही आणि आई आहात की."

"आमी काय जन्माला पुरणार हाय?" असे म्हणून ते उठले. सकाळी त्यांनी स्थळाकडे निरोप धाडला, की पोरीची परीक्षा झाल्याशिवाय आम्ही काही ठरवणार नाही. परीक्षेनंतर काय ठरेल ते मला सांगता येत नाही. त्या माणसांना तोवर दुसरी मुलगी मिळेल, किंवा आमच्याच घरातले कुणी पुन्हा उपदेश करू लागेल.

पण अण्णांच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर मला तेव्हाही पुरेसे वाटले नाही आणि आताही वाटत नाही. ज्यांच्यावर मी आजवर भार टाकला ती हाडामांसाची माणसे आहेत. आईचे गुडघे आता शेतातून येताना दुखतात. तिच्या गळ्यात बोरमाळीच्या जागी काळी पोत आहे. तिने पाठ टेकायची म्हटले तर तिच्या मागे कोण, याचे उत्तर मला शोधायचे आहे. आणि ते लवकर शोधायला हवे.

— द्वितीय वर्ष, कला